घरातील सिम्युलेटर आणि वैमानिकाची तयारी

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे मोबदला घेऊन विमान चालवण्याची मुभा देणारा परवाना, मिळवायचा असेल तर उमेदवाराच्या नावावर किमान २०० तासांचे उड्डाण जमा असावे लागते आणि त्यांपैकी १०० तास त्याने विमानाचा प्रमुख या नात्याने पूर्ण केलेले असावे लागतात. या प्रत्येक तासाचे इंधन, विमानाची देखभाल, प्रशिक्षकाचे मानधन आणि विमानतळाचे शुल्क अखेर विद्यार्थ्याच्याच खिशातून जाते, त्यामुळे संपूर्ण प्रशिक्षणाचा खर्च ५० लाख रुपयांच्या पुढे सहज जातो आणि मध्यमवर्गीय कुटुंबांना त्यासाठी मोठे कर्ज काढावे लागते. त्यात महाराष्ट्रातील बारामती, धुळे, शिरपूर किंवा गोंदियाजवळील बिरसी अशा ठिकाणी शिकणाऱ्यांच्या वाट्याला पावसाळा येतो. डोळ्यांनी जमीन पाहत करायच्या उड्डाणासाठी विमानतळावर साधारण ५ किलोमीटर दृश्यता आणि ढगांचा तळ किमान १५०० फूट उंचीवर असावा लागतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात या अटी पुऱ्या होणारे दिवस मोजकेच निघतात. हात शिकलेले विसरतात, पैसा अडकून पडतो आणि विद्यार्थी वसतिगृहात आकाश उघडण्याची वाट पाहत बसतो. अशा स्थितीत संगणक, पडदा आणि टेबलाला आवळून बसवलेला योक, म्हणजे विमानाचे सुकाणू, एवढ्या सामग्रीवर चालणारा घरगुती सिम्युलेटर प्रशिक्षणाला खरोखर किती हातभार लावतो, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इतिहासात सापडते, कारण जमिनीवर बसून उडायला शिकवणारे पहिले यशस्वी यंत्रही खेळणे म्हणूनच हिणवले गेले होते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता. उड्डाण शिकण्याचा खर्च परवडत नसल्याने लिंकने १९२९ च्या सुमारास त्याच कारखान्यातील भाते, झडपा आणि हवेचे पंप वापरून एक लहानसे लाकडी विमान तयार केले, जे बाजाच्या पेटीतल्याप्रमाणे भात्यांत हवा भरली की उचलले जाई आणि हवा सोडली की खाली बसे, आणि ज्याच्या आत बसलेल्या माणसाने दांडा हलवला की तदनुसार कलत, वळत असे. विमान उद्योगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही आणि सुरुवातीची काही यंत्रे करमणुकीच्या उद्यानांना विकली गेली. १९३४ साली चित्र पालटले. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे टपाल वाहून नेण्याचे काम अचानक सोपवले गेले, आणि धुके, बर्फ व रात्रीचा अंधार यांत केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याचा सराव नसलेले दहाहून अधिक वैमानिक काही आठवड्यांत मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलर मोजून लिंकची सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली आणि सुमारे पाच लाख हवाई सैनिकांनी त्यांवर शिक्षण घेतले, असे मानले जाते.

लिंकच्या या निळ्या पेटीसारख्या यंत्रात बाहेरचे काहीही दिसत नसे, कारण झाकण बंद केले की आतल्या माणसासमोर फक्त उपकरणांच्या तबकड्या उरत. त्याला जमिनीचे दृश्य, झाडे किंवा धावपट्टी दाखवण्याचा प्रयत्नच त्या यंत्राने केला नाही, तरीही ते उपयोगी ठरले, कारण जे शिकवायचे होते ते, म्हणजे तबकड्या वाचून विमानाची स्थिती मनात उभी करणे, त्या यंत्रात नेमके साधले जात होते. सिम्युलेटर किती हुबेहूब आहे यापेक्षा शिकवायच्या गोष्टीपुरता तो खरा आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते, आणि आजच्या झगमगत्या पडद्यांसमोर बसलेल्या विद्यार्थ्याला हीच गोष्ट सर्वांत उशिरा उमगते.

घरगुती संगणकावर उड्डाण आणण्याचे श्रेय मुख्यतः ब्रूस आर्टविक याच्याकडे जाते. इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली विमानाच्या गतीचे संगणकीय चित्रण या विषयावर प्रबंध लिहिल्यानंतर त्याने ॲपल कंपनीच्या छोट्या संगणकासाठी एक उड्डाण-कार्यक्रम तयार केला, आणि त्याचीच पुढची आवृत्ती मायक्रोसॉफ्टने १९८२ साली आयबीएमच्या संगणकासाठी बाजारात आणली. रेघोट्यांनी काढलेले शिकागो आणि सेकंदाला मोजकीच चित्रे, एवढेच तेव्हा शक्य होते. २०२० च्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवरून उभारलेली जवळजवळ सारी पृथ्वी आणि त्या त्या क्षणाचे खरे हवामान पडद्यावर आले. दरम्यान ऑस्टिन मायर या अमेरिकी अभियंत्याने १९९० च्या दशकात एक्स-प्लेन हा कार्यक्रम रचला, ज्यात पंख आणि पंखा यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावर हवेचा जोर किती पडतो याचे गणित क्षणाक्षणाला केले जाते, आणि त्यांच्या बेरजेतून विमानाची चाल ठरते. हाच कार्यक्रम अमेरिकेत काही मान्यताप्राप्त प्रशिक्षण-उपकरणांच्याही गाभ्याशी असतो, म्हणजे घरातला सिम्युलेटर आणि संस्थेतले उपकरण यांच्यातील अंतर कित्येकदा गणितात नसून कळी, दांडे, त्यांची तपासणी आणि सरकारी मान्यतेचे पत्र यांत असते.

मान्यतेचे हे पत्र मात्र क्षुल्लक नाही. भारतीय नियमांनुसार व्यावसायिक परवान्यासाठी उपकरणांच्या आधारे केलेले किमान १० तासांचे उड्डाण लागते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ५ तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर करता येतात. घरी बसून केलेले पाचशे तासही वैमानिकाच्या लॉगबुकमध्ये, म्हणजे त्याच्या उड्डाणांच्या अधिकृत नोंदवहीत, लिहिता येत नाहीत. अमेरिकेत १९९७ पासून वैयक्तिक संगणकावर आधारित, पण मान्यता घेतलेल्या, उपकरणांवरील काही तास उपकरण-उड्डाणाच्या पात्रतेसाठी धरले जाऊ लागले, आणि तेथेही अधिकृत प्रशिक्षकाची उपस्थिती ही अट राहिली. विमान कंपन्या वापरतात ते सहा पायांवर डोलणारे प्रचंड सिम्युलेटर ही आणखी वेगळी श्रेणी असून त्यांतील सर्वोच्च दर्जाच्या यंत्रावर अनुभवी वैमानिक नव्या प्रकारच्या विमानाचे जवळजवळ सर्व शिक्षण प्रत्यक्ष विमानात न बसता पूर्ण करू शकतो. घरगुती साधनाला यांपैकी कोणताही हक्क नाही, आणि म्हणूनच त्याचा फायदा तास जमवण्यात शोधू नये. तो प्रत्यक्ष विमानातला तास वाया न जाण्यात शोधावा.

या फायद्याला मोजमाप देण्याचा प्रयत्न इलिनॉय विद्यापीठातच झाला. स्टॅन्ली रॉस्को या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली एक साधे गुणोत्तर मांडले: सिम्युलेटरवर शिकलेल्या गटाला विमानात किती तास कमी लागले हे पाहायचे आणि त्या बचतीला सिम्युलेटरवर घालवलेल्या तासांनी भागायचे. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने विद्यार्थ्यांच्या गटांना जमिनीवर कमी-अधिक तास देऊन पाहिले, तेव्हा असे दिसले की पहिल्या काही तासांत बचत भरघोस होते आणि पुढच्या प्रत्येक तासागणिक ती घटत जाते. १९९० च्या दशकात वैयक्तिक संगणकावरील उपकरणांची अशीच परीक्षा झाली, आणि नवा धडा पहिल्यांदा शिकताना त्यांचा लाभ ठळक, तर येत असलेल्या गोष्टीची उजळणी करताना तो कमी, असा निष्कर्ष निघाला. आठ-आठ तास पडद्यासमोर बसून तेच लँडिंग पुन्हा पुन्हा करणाऱ्या विद्यार्थ्याने हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायला हवा. उद्याच्या उड्डाणात जो पाठ प्रथमच होणार आहे, त्याच्या आदल्या संध्याकाळचा तासभर हा घरगुती सरावाचा सर्वांत मोलाचा वेळ आहे.

कोणते पाठ या साधनाला मानवतात हे पाहायचे तर होल्डिंगचे उदाहरण घेता येईल. विमानतळावर गर्दी असेल किंवा हवामान बिघडले असेल तर नियंत्रक विमानाला एका ठरावीक बिंदूवर थांबायला सांगतो, आणि विमान हवेत थांबू शकत नसल्याने त्याने त्या बिंदूभोवती लांबट गोलाकार घिरट्या घालायच्या असतात. सामान्यतः वळणे उजवीकडे, सेकंदाला ३ अंश या गतीने, म्हणजे अर्धे वळण एका मिनिटात, आणि १४,००० फुटांपर्यंत बिंदूकडे येणारी सरळ वाटही एका मिनिटाची असावी लागते. कागदावर हे सोपे दिसते. पण विमान कोणत्या दिशेने येत आहे त्यावर घिरटीत शिरण्याच्या तीन पद्धतींपैकी एक निवडावी लागते, आणि वारा वाहत असेल तर सारे हिशेब बिघडतात: येताना वारा समोरून असेल तर जाताना तो पाठीमागून असतो, शिवाय दोन्ही वळणांत तो विमानाला दूर ढकलत राहतो, म्हणून जाण्याची वाट मिनिटापेक्षा बरीच आधी सोडून वळावे लागते. हे सर्व करताना उंची राखायची, घड्याळ लावायचे, नियंत्रकाशी बोलायचे आणि इंधनाकडेही लक्ष ठेवायचे असते. इंजिनाच्या घरघरीत, घामाघूम होऊन, शेजारी प्रशिक्षक बसलेला असताना ही आकृती पहिल्यांदा समजून घेणे म्हणजे महागडा तास गोंधळात घालवणे आहे. घरी मात्र विद्यार्थी वारा शून्यावर ठेवून एक घिरटी घालू शकतो, मग २० नॉटचा वारा सोडून तीच पुन्हा घालू शकतो, मध्येच उड्डाण गोठवून आपण नकाशावर कोठे भरकटलो ते पाहू शकतो, आणि वाऱ्याने काय केले ते त्याला स्वतःच्या मार्गाच्या वेड्यावाकड्या रेषेत दिसते.

व्हीओआर या रेडिओ केंद्राकडून मिळणारी दिशा वाचणे, धावपट्टीकडे साधारण ३ अंशांच्या उताराने नेणाऱ्या आयएलएस या रेडिओ-मार्गावर काटे मध्यावर ठेवत उतरणे, सहा मुख्य उपकरणांवरून नजर फिरवत राहण्याची शिस्त, हे सारे याच जातीचे काम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नेव्हिगेशनच्या परीक्षेसाठी गणिते पाठ केलेल्या विद्यार्थ्याला व्हीओआरचा काटा खरोखर का सरकतो हे पडद्यावर एकदा दिसले, की ती गणिते पाठ करण्याची गरज उरत नाही. चेकलिस्ट, म्हणजे उड्डाणाच्या प्रत्येक टप्प्यावर तपासायच्या बाबींची यादी, मोठ्याने म्हणत कळींवर हात नेण्याची सवयही घरी लागते. रेडिओवर बोलण्याची भीती तर फार थोड्या खर्चात घालवता येते, कारण जगभरातील स्वयंसेवक नियंत्रकाची भूमिका करतात अशी व्हॅटसिमसारखी जाळी २००१ पासून उपलब्ध आहेत, आणि एका दमात आलेली उंची, दिशा आणि वारंवारतेची सूचना कानाने टिपून जशीच्या तशी परत म्हणण्याचा सराव तेथे होतो. भारतात वैमानिकाला रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि त्याची तोंडी परीक्षा अनेकांना जड जाते, हे लक्षात घेता या सरावाचे मोल आणखी वाढते.

दूरच्या प्रवासाची रंगीत तालीम हा आणखी एक लाभ. बारामतीहून सोलापूरला थेट जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या उजव्या हाताला नीरा नदी असते, वाटेच्या साधारण चाळीस टक्क्यांवर नीरा-भीमा संगम जवळजवळ पायाखाली येतो, डावीकडे काही मैलांवर उजनी धरणाची भिंत दिसते आणि पुढे सोलापूरचा महामार्ग डाव्या अंगाने साथ देतो. ९० नॉट वेगाच्या प्रशिक्षण-विमानाला या प्रवासास तासभर लागतो, आणि हा तासभर आदल्या दिवशी नकाशा मांडीवर घेऊन, घड्याळ लावून, प्रत्येक खूण अपेक्षित वेळेला येते का हे तपासत घरी उडून पाहिला, तर खऱ्या उड्डाणात विद्यार्थ्याची नजर नकाशात अडकत नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते की पडद्यावरील उजनी ही कोणत्या तरी एका दिवशीच्या उपग्रहचित्रातील उजनी आहे. मे महिन्यात आटलेला जलाशय आणि सप्टेंबरात तुडुंब भरलेला जलाशय वरून पाहताना एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पाण्याच्या काठावरून जागा ठरवणारा वैमानिक अशा वेळी चकू शकतो. धरणाची भिंत, रेल्वेमार्ग, नद्यांचा संगम या खुणा त्यामानाने विश्वासार्ह.

जेथे शरीराचा संबंध येतो तेथे या साधनाची मर्यादा कठोर आहे. खऱ्या विमानात योक धरलेल्या हाताला हवेचा दाब जाणवतो, आणि ट्रिमचे चाक फिरवून तो दाब शून्यावर आणला की विमान हात सोडूनही तोच वेग राखते. ट्रिम नीट करता येणे हे चांगल्या वैमानिकाचे पहिले लक्षण मानले जाते. घरगुती योकमध्ये साध्या स्प्रिंगा असतात, त्या हाताला नेहमी मध्याकडेच ओढतात, त्यामुळे बोटांनी दाब ओळखून ट्रिम करण्याची कला तेथे शिकता येत नाही, उलट काटा पाहत चाक फिरवण्याची खोड लागते. पूर्ण शक्तीने वर चढताना एका इंजिनाच्या बहुतेक विमानांचे नाक डावीकडे वळू पाहते आणि उजव्या पायाने रडरचे पेडल दाबून ते रोखावे लागते. ही ओढ खुर्चीतल्या शरीराला कळते, पडद्यासमोरच्या शरीराला कळत नाही. जमिनीला टेकण्याआधी नाक हलकेच उचलून वेग मारण्याची क्रिया, जिला फ्लेअर म्हणतात, ती डोळ्यांच्या कडांतून दोन्ही बाजूंची जमीन कशी वर येते यावर साधली जाते, आणि एका पडद्याच्या चौकटीत त्या कडाच नसतात. डोळ्यांवर चढवण्याच्या आभासी चष्म्याने हे दृश्य बरेच सुधारते, पण मग हाताखालची कळ आणि मांडीवरचा कागद दिसेनासा होतो.

याहून गंभीर बाब कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाची आहे. ढगात शिरलेल्या वैमानिकाला क्षितिज दिसेनासे झाले की अंतर्कर्णातील द्रव त्याला खोटी साक्ष देऊ लागतो; सावकाश सुरू झालेले वळण त्याला जाणवतच नाही, आणि विमान कललेले असताना ते सरळ आहे असे त्याचे शरीर ठामपणे सांगते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरण-उड्डाणाचा अनुभव नसलेल्या २० जणांना खऱ्या विमानात, बाहेरचे दृश्य झाकून, उडवून पाहिले, तेव्हा सगळ्यांचा विमानावरील ताबा सुटला आणि त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. प्रशिक्षक शेजारी होता म्हणून ते वाचले. त्यानंतर ढगातून अर्धे वळण घेऊन माघारी फिरण्याची सोपी पद्धत त्यांना शिकवल्यावर जवळजवळ सर्व प्रयत्न यशस्वी झाले. घरगुती सिम्युलेटर ही पद्धत, म्हणजे कोणती तबकडी आधी पाहायची, किती कलायचे, किती अंशांवर थांबायचे, हे उत्तम शिकवतो. पण खुर्ची स्थिर असल्याने शरीर तेथे खोटे बोलतच नाही, आणि शरीराचे खोटे नाकारून काट्यांवर विश्वास ठेवण्याची कसोटी तेथे कधी लागत नाही. ज्याने घरी शेकडो तास ढगांतून विमान नेले आहे त्याला आपण ढगांना सरावलो आहोत असे वाटू लागणे, हा या छंदातील सर्वांत घातक भ्रम होय.

प्रशिक्षकांची नेहमीची तक्रार त्यामानाने सौम्य असली तरी खरी आहे. सिम्युलेटरवर वाढलेला विद्यार्थी विमानात बसला की बाहेर पाहत नाही. नाक क्षितिजाच्या किती वर आहे हे खिडकीतून ठरवण्याऐवजी तो वेगमापक आणि उंचीमापक यांच्या मागे धावतो, आणि आसपासच्या दुसऱ्या विमानांकडे त्याचे लक्षच नसते. अशा वेळी प्रशिक्षक काही तबकड्यांवर कागद चिकटवून झाकतो आणि काही उड्डाणांत ही खोड सुटते, पण सुटण्यासाठीही पैसे मोजावे लागतात. त्यामुळे अजून एकट्याने उडालेला नसलेल्या विद्यार्थ्याने घरी वळणे, चढ-उतार आणि लँडिंग यांचा स्वतःच्या बुद्धीने सराव न करता चेकलिस्ट, रेडिओ आणि विमानतळाभोवतीच्या फेरीचा क्रम एवढ्यावर थांबणे शहाणपणाचे. उपकरण-उड्डाणाच्या टप्प्यावर पोहोचल्यावर मात्र त्याने या साधनाचा मोकळ्या हाताने वापर करावा. आज काय करायचे हे प्रशिक्षकाने सांगितलेले असावे, आणि पद्धत समजल्यानंतरच्या फेरीत उड्डाण गोठवण्याची कळ वापरू नये, कारण चूक सावरेपर्यंत विमान पुढे जातच राहते, ही जाणीव त्या कळीने बोथट होते.

परवाना हाती आल्यानंतर हेच साधन पुन्हा एकदा उपयोगी पडते. विमान कंपनीत शिरण्यासाठी एअरबस ३२० सारख्या विशिष्ट विमानाचे वेगळे शिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, घ्यावे लागते, आणि त्यात दोन वैमानिकांनी कॉकपिटमधील शेकडो कळींवरून ठरावीक क्रमाने हात फिरवत, एकमेकांना ठरलेल्या शब्दांत सांगत काम करायचे असते. पूर्वी उमेदवार कॉकपिटचे मोठे छापील चित्र भिंतीला लावून हा क्रम घोकत असत, आणि आजही घोकतात. आता त्याच विमानाची बारकाईने घडवलेली प्रतिकृती, काही तर विनामूल्य, घरच्या संगणकावर चालते आणि कळ दाबल्यावर पुढे कोणती यंत्रणा जागी होते, कोणता दिवा विझतो, हेही दाखवते. दोन उमेदवार दोन घरांत बसून तीच विमानफेरी एकत्र करू शकतात, एकाने उडवायचे आणि दुसऱ्याने वाचायचे. सहा पायांच्या मोठ्या सिम्युलेटरमधील सत्रे ठरावीक असतात आणि ती बिघाड, आग, एका इंजिनावरचे उतरणे अशा प्रसंगांसाठी राखलेली असतात, त्यामुळे तेथे पोहोचलेल्या उमेदवाराला कळी कोठे आहेत हे आधीच ठाऊक असावे, अशीच प्रशिक्षकाची अपेक्षा असते.